कंबर आत्याची, टेप सरकारची

आटगावात तब्येतीची चौकशी मोघम होत नाही. 'काय, बरं आहे ना?' हा प्रश्न कल्याण सोडलं की संपतो. पुढे थेट आकडा विचारतात. 'शुगर किती?' 'एकशे साठ.' 'उपाशीपोटी की जेवून?' सकाळच्या लोकलच्या दारात एका पायावर उभ्या असलेल्या दोघांत हे बोलणं निघालं की आसपासचे चौघे कोणी न विचारता आपापले आकडे सांगून मोकळे होतात. सर्वांत मोठा आकडा ज्याचा, त्याला बसायला जागा मिळत नाही, पण मान मिळतो. आसनगाव येईपर्यंत निदान झालेलं असतं, वासिंदला औषध ठरतं आणि टिटवाळ्याला दुसरा ग्रुप चढून ते औषध बदलतो.

प्रश्नांना तोटा नाही आणि उत्तर देणाऱ्यांना तर मुळीच नाही. आधी डब्यातला ग्रुप, मग मेडिकलवाला, मग शहापूरचा लॅबवाला, मधेच एखादा भगत, आणि सरतेशेवटी डॉक्टर. तोही सल्ला द्यायला नव्हे, आठ दिवसांपूर्वीच सुरू केलेल्या गोळीला होकार द्यायला.

आमचे काका या सगळ्यांच्या वरचे. ते रेल्वेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी वैद्यकशास्त्रात रुजू झाले. पेपरात 'संशोधकांच्या मते' असे शब्द दिसले की त्यांची कात्री निघते. कॉफीने हृदय सुधारतं असं एक कात्रण आणि कॉफीने हृदय बिघडतं असं दुसरं, दोन्ही एकाच फाइलीत सुखाने नांदतात. बातमीचं शेवटचं वाक्य मात्र कात्रणात सहसा नसतं, कारण तिथे पान संपतं. आत्याने एकदा हट्टाने ते वाचायला लावलं. प्रयोग उंदरांवर झाला होता.

'मग उंदरांना सांग जाऊन,' आत्या म्हणाली. 'आपल्या कणगीतले रोज नवा भात खातात, त्यांना काय सुदीक होत नाय.'

आत्या काकांची थोरली बहीण. तिला वाचता येत नाही आणि काका जे वाचतात ते तिला पटत नाही. घरातलं वैद्यकीय संतुलन त्यावरच टिकून आहे.

तर अशा घरात ऐन पावसाळ्यात आशाताई आली, हातात फॉर्म आणि गळ्यात शिंप्याची टेप घेऊन. तिशीपुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो. रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांचा धोका कोणाला जास्त आहे ते आधीच हेरून त्याला तपासणीला पाठवायचं, हा त्यामागचा हेतू. प्रत्येक उत्तराला गुण आहेत आणि बेरीज चारच्या वर गेली की तुमचा नंबर आधी. शाळेत जन्मभर गुणांसाठी तरसलेल्या आमच्या गावाला इथे ते भरभरून मिळतात.

'आजी, तंबाखू खाता?'

'नाय गो बाय.'

'मशेरी?'

'ती कुठे खाते? लावते.'

'दिवसातून किती वेळा?'

'दात घासायचे तितक्या वेळा.'

'आणि दात किती राहिलेत?'

'चार. पण सवय बत्तीसची हाय.'

आशाताईने तंबाखूचे दोन गुण घातले. दारूच्या प्रश्नाला आत्याने काकांकडे पाहिलं आणि काकांनी कौलांकडे. मग कमरेची पाळी आली. बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, नव्वदपर्यंत एक, त्याच्या वर दोन. टेप फिरवली तर चौऱ्याण्णव भरली. आत्या म्हणाली, 'थांब, बटवा काढते.' कनवटीचा बटवा निघाला. त्यात मशेरीची डबी, सुपारी, किल्ल्या, रेशनकार्डाची घडी आणि कोणालाच ठाऊक नसलेल्या नोटा. आता शहाऐंशी. एक गुण वाचला. 'लुगडं बी काढायचं काय?' असं विचारून तिने आशाताईला पुढच्या प्रश्नावर ढकललं.

काकांची कंबर मोजताना खोलीत अचानक शांतता पसरली. पुरुषांना नव्वदपर्यंत माफी आहे. काका ताठ उभे, छाती पुढे, चेहरा हळूहळू लाल. आशाताई सराईत. ती टेप धरून नुसती थांबली आणि म्हणाली, 'काका, श्वास सोडा. मला काही घाई नाही.'

फॉर्ममधला खरा बहारीचा प्रश्न पुढे होता. 'आठवड्यातून निदान दीडशे मिनिटं शारीरिक हालचाल होते का?'

'म्हंजे काय?' आत्या.

'म्हणजे व्यायाम. चालणं वगैरे.'

'नाय गो. तेवढा टाइम कुठला मिळतो? आवणी चालू हाय.'

आशाताई स्वतः सकाळी दोन वाफे लावून आली होती. तिच्या पायांच्या नखांत चिखल होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आधी आशाताई हसली. गुडघाभर चिखलात कंबरेतून वाकून दिवस काढणाऱ्या बाईची दीडशे मिनिटं सोमवारी न्याहारीच्या आधीच संपतात; उरलेला आठवडा ती सरकारला फुकट देते. आता दीडशे मिनिटं हा आकडा काही फॉर्मवाल्यांनी मनाने काढलेला नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तोच सांगते. पण तो ज्यांच्यासाठी काढला ते काका. 'रोज स्टेशनपर्यंत जातो,' त्यांनी बाणेदारपणे सांगितलं. 'चालत?' 'स्कूटरवर. पण पूल चढतो.'

फॉर्मची थट्टा करणं सोपं आहे म्हणून एक सांगून टाकतो. त्याच कागदावर पुढे विचारलेलं असतं की स्वयंपाक लाकडांवर करता का, पालापाचोळा जाळता का, वीटभट्टीसारख्या धुराच्या ठिकाणी काम करता का. चुलीसमोर जन्म गेलेल्या, दर उन्हाळ्यात राब भाजणाऱ्या आणि पोटासाठी भट्टीवर जाणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या माणसाला हा प्रश्न बरोबर लागतो. ज्याने तो घातला तो कधीतरी एप्रिल महिन्यात आपल्याकडून गेला असावा.

दहा हजार पावलांचा कर्ता मात्र इकडे कधीच फिरकला नाही. भाच्याने काकांना मनगटावर बांधायचा पट्टा आणून दिला, तेव्हापासून घरात पावलांचा हिशेब सुरू झाला. काका रात्री नऊ वाजता 'अजून अठराशे' असं म्हणत ओटीवर येरझाऱ्या घालायचे. एक दिवस पट्टा आत्याने घातला आणि भाकऱ्या थापल्या. पट्ट्याने तिला बसल्या जागी बरंच लांब चालवून आणलं. तेव्हापासून काकांना भाकरी थापण्यात रस निर्माण झाला आहे.

हे दहा हजार आले कुठून? कुठल्या डॉक्टरकडून नव्हे. 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झालं, चालण्या-पळण्याचा उत्साह पसरला आणि पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार होते. आकडा गोल आणि विकायला सोपा. त्यावर जरा गंभीर मोजमाप व्हायला बराच काळ गेला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी 2019 साली सुमारे सतरा हजार अमेरिकन बायकांच्या पावलांचा अभ्यास छापला. बायकांचं सरासरी वय 72. दिवसाला साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मरणाचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी चालून फारसा फरक दिसला नाही. हे मी काकांना वाचून दाखवलं. ते अडीच हजार पावलं फायद्यात आले म्हणून इतके खूश झाले, की त्या दिवशी तेवढी चाललेच नाहीत.

पाण्याचंही तसंच. दिवसाला आठ ग्लास पाणी प्यावं, हे वाक्य आता आटगावच्या रिक्षांच्या मागेसुद्धा सापडेल. 1945 साली अमेरिकेच्या एका पोषण मंडळाने लिहिलं होतं की मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी पुरतं, आणि लगेच पुढे म्हटलं होतं की यातलं बरंचसं अन्नातूनच येतं. लोकांनी पहिलं वाक्य पाठ केलं. दुसऱ्याचं काकांच्या कात्रणासारखं झालं. हाइन्झ वाल्टिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी 2002 साली या आठ ग्लासांचा शास्त्रीय आधार शोध शोध शोधला, तो काही हाती लागला नाही. निरोगी माणसाने तहान लागली की प्यावं, उन्हात राबणाऱ्याने आणि मुतखडा झालेल्याने जास्त प्यावं, इतकंच.

पण आमच्या तालुक्यात या चर्चेला निराळीच चव आहे. तानसा धरण 1892 सालचं. भातसाही आमच्याच तालुक्यात. पाणी इथून मोठमोठ्या नळांतून मुंबईला जातं आणि तिथली मंडळी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते मोजून आठ ग्लास पितात. इकडे मार्च उलटला की कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत बसलेले. धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडे म्हण म्हणून कोणी वापरत नाही, पत्ता म्हणून वापरतात. उन्हाळ्यात एका शिबिरात एका तरुण डॉक्टरांनी बायकांना बजावलं, 'भरपूर पाणी प्या.' मागून आवाज आला, 'पाठवा.'

जपानी पावलं आणि अमेरिकन पाणी यांच्या पंक्तीत बसणारी तिसरी गोष्ट म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा तो बीएमआय. काकांचा बीएमआय चोवीस आहे. पंचवीसच्या आत म्हणजे सडपातळ, असं त्यांच्या फाइलीत लिहिलेलं. मग शर्टाचं खालचं बटण का लागत नाही, याचं उत्तर फाइलीत नव्हतं. ते पुण्यात होतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या मातब्बर नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं आणि त्यात दोघांचा फोटो दिला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, 22.3. कागदावर जुळे भाऊ. मग यंत्राने अंगातली चरबी मोजली. युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के! दुपटीहून जास्त. शिवाय टिपणात गंभीर चेहऱ्याने कबुली दिलेली होती की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती गाठणं. जगभरच्या डॉक्टरांसमोर आपल्या पोटाचा असा जाहीर लिलाव मांडणारा पुणेकर मला तरी दुसरा ठाऊक नाही.

गंमत बाजूला ठेवली तर त्यामागे फार मोठं काम आहे. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत 1990च्या दशकात गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं हाडापेराने, स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान. चरबीत मात्र त्यांनी फारशी काटकसर केलेली नव्हती. दिसायला काडी, आतून लोण्याचा साठा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपुऱ्या खाण्यापिण्याचा हा परिणाम पुढे मधुमेहाच्या दारापर्यंत जातो, असा त्यांचा माग आहे. भारतातल्या तज्ज्ञांनी 2009 साली एकत्र बसून आपल्यासाठी रेघ खाली आणली: तेवीसच्या पुढे वजन जास्त, पंचवीसला स्थूल. काका एका परिच्छेदात सडपातळचे जाडे झाले. त्यांनी मान्य केलं नाही. 'मी तोच आहे,' ते म्हणाले, 'रेघ हलली.'

रेघ हलते हे मात्र खरं. नोव्हेंबर 2017मध्ये अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांनी रक्तदाबाची हद्द 140/90 वरून 130/80 वर आणली आणि तिथल्या प्रौढांत रक्तदाबवाल्यांचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर गेलं. लाखो माणसं रात्री ठणठणीत झोपली आणि सकाळी आजारी उठली. आपल्याकडे अजून साधारणपणे जुनीच हद्द पाळतात. आटगावला ती कोणतीही चालेल, कारण आम्ही रक्तदाब मोजतो तो गाडी पकडायला धावल्यावर, मेडिकलच्या काउंटरवर उभ्याने, हात हवेत, तोंडात नुकताच संपलेला चहा आणि 'सुट्टे द्या' यावरून चाललेली बोलाचाल. खरं तर पाच मिनिटं स्वस्थ बसावं, पाठीला टेकू, दोन्ही पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर टेकवलेला आणि तोंड बंद. यातलं शेवटचं आमच्या गावात कोणालाच जमणार नाही.

नंतर आकडा चांगला आला की गोळी बंद. 'आता नॉर्मल आहे ना, मग कशाला?' ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं, हे सांगायला गेलं की समोरचा आपल्याकडे कंपनीचा माणूस म्हणून बघतो. शुगरचा प्रकार उलटा. तपासणीच्या आधी दोन दिवस भात बंद, कारल्याचा रस चालू. उपाशीपोटीच्या तपासणीत हे खपतं. पण एचबीए1सी नावाची तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि पेशी जगते सुमारे 120 दिवस. म्हणजे तीन महिन्यांपूर्वीच्या लग्नातली जिलेबीसुद्धा साक्षीला येते. मात्र रक्तक्षय किंवा सिकलसेल असेल तर हा आकडा फसवू शकतो, आणि आमच्या आदिवासी पाड्यांत या दोन्ही गोष्टी आहेत, म्हणून डॉक्टरांना ते आधी सांगायला हवं. काका तेवढं सोडून बाकी सगळं सांगतात.

जेवण किती वेळा करावं यावरून मधल्या काही वर्षांत अख्ख्या महाराष्ट्रात पंक्ती पडल्या, त्या आमच्या डब्यातही पडल्या होत्या. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं की दिवसातून दोनदाच खा, कडकडून भूक लागल्यावर, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकरांनी सांगितलं की थोडं थोडं दर दोनेक तासांनी खा, आजीच्या हातचं खा, तुपाला भिऊ नका. खिडकीकडची बाजू दीक्षित, दाराकडची दिवेकर. एक गृहस्थ दोघांचंही ऐकायचे. दोन मोठी जेवणं पंचावन्न मिनिटं लावून, आणि मधे दर दोन तासांनी थोडं थोडं. आत्याला मी दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. ती म्हणाली, 'मजुरीला गेलं का दोन वेळा, घरी असलं का चार वेळा. यात इचारायचं काय?'

चहावरून मात्र तिने विज्ञानाला सरळ मात दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 साली जाहीर केलं की 65 अंशांहून गरम पेय पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बहुधा वाढतो. चहात दोष नाही, तापमानात आहे. काकांनी कात्रण वाचलं आणि थर्मामीटर घ्यावा का, यावर विचार सुरू केला. आत्या तोवर बशीत ओतून, फुंकर मारून, दोन घोटांत चहा संपवून गोठ्यात गेली होती. कपाची फॅशन आली आणि बशी हद्दपार झाली, तेव्हा अन्ननलिकेचा विचार कोणी केला नाही.

उंदीर, जपानी, अमेरिकन, लंडनवाले असे सगळे येऊन गेल्यावर एकदाच असं झालं, की काकांनी वाचलं आणि आत्याने ते पुन्हा वाचायला लावलं. ते विंचवाचं होतं. आमच्याकडे पहिला पाऊस झाला की दगडाखाली, लाकडांच्या ढिगात, वाळत टाकलेल्या कपड्यांत विंचू. लाल विंचू दिसायला किरकोळ, पण तो चावला की दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरून माणूस बसल्या बसल्या गुदमरतो. कोकणात पोरं याने मरायची. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर या पेशंटांच्या उशाशी रात्र रात्र बसले आणि नाडी, दाब, श्वास टिपत राहिले. हृदय कुठे आणि का थकतं ते त्यांनी हेरलं आणि ऐंशीच्या दशकात प्राझोसिन नावाची गोळी वापरून पाहिली. मूळची ती रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. गंभीर पेशंटांतले शंभरात तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एक-दोनावर आलं. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये गेले, 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रीतसर तुलना करून विंचवाच्या विषावरच्या लसीबरोबर ती गोळी कशी चालते ते छापून आलं, 2022 साली पद्मश्री मिळाली. पेशंट महाडचे, विंचू महाडचा, डॉक्टर तिथेच.

आत्याने विचारलं, 'कोनावर बघितलं म्हनतोस?'

'कोकणातल्या शेतकऱ्यांवर, अक्का. आपल्यासारख्याच.'

'उंदीर नाय?'

'नाही.'

'मग खरं असंल.' मग जरा थांबून, 'पन ती गोली पेशरची ना? तू रोज खातोस तीच?'

'नाही, नाही. माझी वेगळी, ती वेगळी.'

'मंग ती आनून ठेव. दोन माझ्या बटव्यात दे.'

काका आता खरोखरीच घाबरले. विंचू चावला तर 108ला फोन करायचा, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं, गोळी डॉक्टर देतील, असं त्यांनी चढत्या आवाजात समजावलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते मेडिकलवाल्याचं नाव न घेता बोलत होते. 'मनाने घ्यायची गोळी नाही ती, अक्का! पहिल्याच गोळीला दाब एकदम उतरतो. उभी असशील तर चक्कर येऊन पडशील!'

'इच्चू चावल्यावर,' आत्या बटव्याची नाडी आवळत म्हणाली, 'मी काय उभी र्‍हानार हाय?'